भायखळ्याचा तुरुंग आणि आमचे साठ फॉर्म

मंडळी, या विकांताचा लेख रागातून सुरू झालाय. शेवटपर्यंत तो राग कुठे गेला ते कळेलच, पण सुरुवात रागाचीच.

माझी एक मावसबहीण पीएचडी करते. विषय: लहान कारखान्यांत पॅकिंगचं काम करणाऱ्या बायका. पगार किती, सुट्टी मिळते का, पाठ दुखते का, कामाच्या मधे बाथरूमला जायला परवानगी मिळते का, असे प्रश्न. साधे, पण कुणी विचारत नाही असे. तिला हव्या होत्या साठ बायका. आणि माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये! म्हणजे देवानेच जुळवून आणलेला योग.

ज्यांना वागळे इस्टेट म्हणजे फक्त पासपोर्ट ऑफिस एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एमआयडीसीचा जन्म इथलाच, १ ऑगस्ट १९६२ चा. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना झालेला एक छोटासा समारंभ. पुढे इथे कारखाने आले, कारखान्यांमागून किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगरच्या वस्त्या भरल्या. मग बरेच कारखाने गेले आणि त्या जागी काचेच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या, ज्यात आमच्यासारखे लोक गळ्यात आयकार्ड अडकवून बसतात. पण गल्लीबोळांत अजूनही छोटी वर्कशॉप्स आहेत. संध्याकाळी सहाला आमची कॅब बाहेर पडते तेव्हा त्याच रस्त्यावरून डबा हातात घेतलेल्या बायका घोळक्याने चालत असतात. आम्ही त्यांच्याकडे बघत नाही, त्या आमच्याकडे बघत नाहीत. एकच रस्ता, एकच वेळ.

तर अशाच एका वर्कशॉपचे मालक माझ्या ओळखीचे. आम्ही एकाच टपरीवर चहा पितो. मी त्यांना विचारलं, काका, बहिणीचं कॉलेजचं काम आहे, फॉर्म भरून हवेत. काका म्हणाले, "त्यात काय! जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना शेडमध्ये बसवतो. सुपरवायझर उभा राहील, तासाभरात साठ फॉर्म घेऊन जा." मी खूष. गूगल फॉर्म मीच बनवला, मराठीत, मोठ्या अक्षरांत. बहिणीने हा सगळा प्लॅन लिहून तिच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे पाठवला.

आणि कमिटीने तो परत पाठवला.

सोबत चार प्रश्न होते. एक, सुपरवायझर समोर उभा असताना बाई 'मला फॉर्म भरायचा नाही' असं म्हणू शकेल का? दोन, नाही म्हटल्याचं मालकाला कळलं तर तिच्या नोकरीवर परिणाम होणार नाही याची हमी कोण देणार? तीन, ही उत्तरं कुणाकुणाला दिसणार? चार, जेवणाची सुट्टी तिची आहे, ती का घेताय? उत्तरं द्या, पुढच्या बैठकीत बघू. पुढची बैठक दोन महिन्यांनी.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एका गूगल फॉर्मसाठी कमिटी? आपण काय कुणाला औषध टोचतोय? त्यावर ती शांतपणे म्हणाली, "दादा, हे सगळं टोचण्यावरूनच सुरू झालं. तू वाच तरी आधी." आणि तिने मला वाचायला बरंच काही पाठवलं. पुढचे दोन विकांत त्यातच गेले. जे वाचलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

* * *

गोष्ट सुरू होते आपल्या इथूनच. सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांमध्ये ताप आणि गाठी दिसल्या आणि त्यांनी निदान केलं: प्लेग. पुढचं बरंचसं आपण शाळेत शिकलोय. माणसं शहर सोडून पळाली. १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. घराघरांत सोजीर घुसले, आणि २२ जूनला चापेकरांनी रँडला गोळी घातली.

या सगळ्यात मुंबईत एक माणूस एका खोलीत काम करत बसला होता. वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसाचा ज्यू, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ मध्ये भारतात आला होता. आता त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवायला बसवलं. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, एवढीच त्याची टीम. (आपल्याकडे एवढ्या लोकांची नुसती स्टँड-अप मीटिंग होते.) तीन-चार महिन्यांत त्याने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिला डोस टोचला तो स्वतःला. ताप आला, पण माणूस टिकला.

आता प्रश्न होता की ही लस खरंच काम करते का? ते बघायला माणसं हवीत. अशी माणसं, जी एका जागी राहतात, सारखंच खातात, आणि ज्यांच्यापर्यंत प्लेग पोचलाय. जानेवारीच्या अखेरीस प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला आणि ती माणसं मिळाली.

हाफकिनने कैद्यांवर सक्ती केली नाही. ज्यांना हवी त्यांनी लस घ्यावी असं ठरलं. सुमारे दीडशे कैदी पुढे आले. त्याहून थोडे जास्त मागेच थांबले. मग सगळे वाट बघत बसले. टोचायच्या वेळीच ज्यांना लागण झालेली होती त्यांना हिशोबातून वगळलं. उरलेल्यांचा हिशोब असा: लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ मेले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, मेला कुणीच नाही.

वाचताना मी इथे थांबलो. कारण 'कैद्यांवर प्रयोग' म्हटलं की आपल्याला अंगावर काटाच येतो. कैदी बिचारा नाही कसा म्हणणार? प्रश्न बरोबरच आहे. पण आकडे बघा ना, निम्म्याहून जास्त लोक नाही म्हणाले! १८९७ सालच्या ब्रिटिशांच्या तुरुंगात! आणि या नाही म्हणणाऱ्यांचाच तुलनेचा गट झाला. म्हणजे आज आपण ज्याला कंट्रोल ग्रुप म्हणतो तो. लस नावाचं काहीतरी आलंय, ते आपल्याला देऊ करतायत आणि आपण घेत नाही आहोत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यातले सहा मेले हे वाईटच. पण ती निवड, बरी-वाईट, त्यांची होती.

फार गोड चित्र रंगवायचं नाहीये मला. पुढे लस घेतल्याचा दाखला असला की प्लेगच्या काही निर्बंधांतून सूट मिळायची. आता ज्याच्या घरात कधीही शिपाई घुसू शकतात त्याने दाखल्यासाठी दंड पुढे केला तर ती संमती म्हणायची की सुटका? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आजच्या एथिक्स कमिट्या हाच प्रश्न विचारतात. तुम्ही माणसाला असं काही देऊ करताय का, की त्याला नाही म्हणताच येऊ नये?

* * *

आता जरा इंजिनियरिंगचं बोलू.

भायखळ्याच्या प्रयोगात एक बग होता. लस घ्यायला जे पुढे आले ते कदाचित मुळातच जास्त धडधाकट असतील, किंवा जास्त सावध. मग ते वाचले ते लसीमुळे की स्वभावामुळे? माणसांनी आपापला गट स्वतः निवडला की हा घोळ होतोच. ज्यांनी कधी डेटावर काम केलंय त्यांना हे सांगायला नको.

हाफकिनलाही तो घोळ दिसला होता. १८९८ मध्ये बडोदा संस्थानात उंधेरा नावाच्या गावात प्लेग आला तेव्हा त्याने तो दुरुस्त केला. प्रत्येक घरातली माणसं बोलावली. वय, तब्येत सगळं बघून दोन सारखे भाग पाडले. निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना ठेवलं. एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवणारी माणसं. ज्या घरांत प्लेग आला त्या घरांचा हिशोब: लस घेतलेले ७१, त्यातले ८ आजारी, ३ मेले. लस न घेतलेले ६४, त्यातले २७ आजारी आणि २६ मेले.

प्रयोग म्हणून बघाल तर उंधेरा भायखळ्यापेक्षा सरस आहे. पुरावा असा की कुणी शंका घेऊ नये. पण एक गोष्ट बदलली. भायखळ्यात कुणाला लस नाही हे कैद्याने स्वतः ठरवलं होतं. उंधेऱ्यात ते साहेबाने ठरवलं. दोन भावांतल्या एकाला टोचलं आणि दुसऱ्याला ठेवलं, आणि त्या सव्वीसांतला एखादा त्या दुसऱ्यांपैकी असेल.

मला या सगळ्या वाचनात सापडलेली गोष्ट हीच आहे. प्रयोग जितका चोख करायचा, तितकी माणसाची निवड काढून घ्यावी लागते. यात कुणी दुष्ट असण्याची गरज नाही. हाफकिन दुष्ट नव्हता, त्याने स्वतःला आधी टोचून घेतलं होतं. गणितच तसं आहे. चांगल्या तुलनेला चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी माणसाला विचारत नाही. मग जे प्रयोगाने काढून घेतलं ते माणसाला दुसऱ्या कुठल्या तरी दाराने परत द्यायला हवं. हे दार म्हणजे संमती. आणि ते दार खरंच उघडं आहे की नुसतं भिंतीवर रंगवलंय, हे बघणारं कुणीतरी प्रयोग करणाऱ्याच्या बाहेरचं हवं.

जगाला हे कळायला वेळ लागला. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली, तिची पहिलीच अट स्वेच्छेने दिलेली संमती. तरीही अमेरिकेत टस्कीगीचा अभ्यास चालूच राहिला. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब काळ्या माणसांना उपचाराविना नुसतं बघत ठेवलं. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. ते उघडकीला आल्यावर १९७४ मध्ये तिथे कायदा झाला आणि विद्यापीठांत परीक्षण मंडळं सक्तीची झाली.

आपल्याकडे आयसीएमआरने १९८० मध्ये पहिलं धोरण काढलं. पण १९९७ मध्ये बातमी आली दिल्लीच्या एका सरकारी संस्थेच्या अभ्यासाची. १९७६ पासून बारा-एक वर्षं चाललेला. गर्भाशयाच्या मुखावर कॅन्सरआधीचे बदल दिसलेल्या १,१५८ बायका, आणि त्यांच्यावर उपचार न करता ते बदल कसे वाढतात याचं निरीक्षण. लेखी संमती नाही. त्यातल्या ९ जणींचा आजार पसरलेल्या कॅन्सरपर्यंत गेला. त्यावर बराच गदारोळ झाला. २००० साली आयसीएमआरची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली. आणि अभिमानाची गोष्ट, त्याच साली मुंबईच्या सेहत या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यातल्या समाजशास्त्रीय संशोधनासाठीही नैतिक तत्त्वं तयार झाली. म्हणजे सुई नसलेल्या, नुसत्या प्रश्न विचारणाऱ्या संशोधनासाठी. आमच्या साठ फॉर्मांची कुंडली तिथली.

* * *

आता यापुढचा भाग मला सगळ्यात जड गेला. कारण तो जुना नाही, लांबचाही नाही.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी मिळून केलेला. प्रश्न खरा होता. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने खेड्यातल्या बायका मरतात, तर कुठली तपासणी त्यांना वाचवेल? गावांचे ५२ समूह केले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चिठ्ठ्या टाकून चार गट. एकाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मीअर, तिसऱ्याला व्हिनेगर लावून तपासणी. चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था. नेहमीची व्यवस्था म्हणजे तपासणी कुठल्या दवाखान्यात मिळू शकेल याची माहिती. बस.

२००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यातल्या ३४ या कॅन्सरने गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या, त्यातल्या ६४ गेल्या. जवळजवळ दुप्पट. गरीब देशांमध्ये एका चाचणीने किती फरक पडू शकतो याचा इतका भक्कम पुरावा आधी नव्हता.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटा मेमोरियलने असाच अभ्यास केला, १९९८ पासून. ७५,३६० बायकांना दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, ७६,१७८ बायकांना एकदा कॅन्सरविषयी माहिती. तपासणी करणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका, डॉक्टर नव्हेत. २०१३ मध्ये निकाल सांगितला गेला: मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. स्वयंपाकघरात मिळणाऱ्या व्हिनेगरने! जगभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं.

पण टीकाही झाली. एरिक सुबा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने २०१४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्येच लिहिलं की अमेरिकन पैशांवर भारतात झालेल्या अशा अभ्यासांत १,३८,६२४ बायकांना कुठलीच तपासणी दिली गेली नाही, आणि त्यातल्या निदान २५४ जणी या कॅन्सरने मेल्या. पॅप स्मीअर जगात कित्येक दशकं वापरात होती. तपासणीने जीव वाचतात हे माहीत असताना चौथा गट ठेवलाच का? मुंबईच्या अभ्यासाच्या संमतीपत्रात पुरेशी माहिती नव्हती, असा ठपका अमेरिकन सरकारच्या देखरेख कार्यालयानेही ठेवला.

संशोधकांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणाले, भारतात तेव्हा बहुतेक बायकांना कुठलीच तपासणी मिळत नव्हती, म्हणजे आम्ही कुणाकडून काही काढून घेतलेलं नाही. पॅप स्मीअरला प्रयोगशाळा लागतात, तज्ञ लागतात, ते आपल्या खेड्यांत जमत नव्हतं. स्वस्त पद्धत चालते हे सिद्ध केल्याशिवाय सरकार पैसे घालणार नव्हतं. निकालानंतर तुलनेच्या गटातल्या बायकांनाही तपासणी देऊ असं त्यांनी जाहीर केलं. आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशभराच्या कॅन्सर तपासणीसाठी जो आराखडा काढला त्यात व्हिनेगरची पद्धत आहेच.

कोण बरोबर? मी दोन रात्री यावर डोकं खाजवलं. तुलनेचा गट ठेवणं हेच पाप, असं मला म्हणता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यातही ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली होती. त्या तुलनेमुळेच १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवता आलं की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात. आणि त्यातूनच पुढे २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी बाळं बघायला जाऊ लागल्या. तुलना नसती तर 'छान काम आहे' म्हणून एक शाल-श्रीफळ मिळालं असतं आणि विषय संपला असता.

पण एक विचार काही केल्या जाईना. भायखळ्याच्या तुरुंगातला तो कैदी, ज्याने लस नको म्हटलं. त्याला ठाऊक होतं की आपण काय नाकारतोय. शंभर वर्षांनी मुंबईतल्याच एका झोपडीत बसलेली बाई. घरी कुणीतरी ताई आल्या, माहिती सांगितली, नाव लिहून घेतलं. चार गल्ल्या पलीकडे हीच ताई तपासणीही करते, तशी तपासणी जगात मिळते आणि चिठ्ठीमुळे आपल्या वाट्याला ती येणार नाहीये, हे तिला नीट कळलं होतं का? देखरेख कार्यालयाचा ठपका याच प्रकारचा होता. म्हणजे जेलमधल्या माणसाला जेवढं कळलं होतं तेवढंही तिच्यापर्यंत पोचलं नसेल, तर मधल्या शंभर वर्षांत काढलेल्या सगळ्या संहिता कुठे गेल्या?

त्या कपाटातच होत्या. कागद होता, सही किंवा अंगठाही होता. नाही म्हणायची जागा तेवढी अरुंद होती.

* * *

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हे डॉक्टर लोकांचं आहे, आपण सॉफ्टवेअरवाले. मीही तसंच म्हणत होतो.

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडा ६,८९,००३ लोकांच्या फीडमध्ये फेरफार केले. काहींना आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखी. बघायचं होतं की मूड पसरतो का. कुणालाही विचारलं नाही. २०१४ मध्ये हे शोधनिबंध म्हणून छापून आलं, त्यात कॉर्नेल विद्यापीठाचे संशोधकही होते. विद्यापीठाच्या मंडळाचं म्हणणं असं की प्रयोग फेसबुकने केला, आमच्या लोकांनी फक्त निकाल पाहिले, म्हणून आमच्या परीक्षणाची गरज नव्हती. फेसबुक म्हणालं, लोकांनी अटी मान्य केल्यात की! ती मान्य करायची चौकट, जी तुम्ही-मी न वाचता टिचकी मारून पुढे जातो. शोधपत्रिकेने मग चिंता व्यक्त करणारं निवेदन काढलं. एवढंच.

आणि आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी एका क्लायंटच्या बिल भरायच्या अॅपमध्ये आम्ही एबी टेस्ट केली. सबस्क्रिप्शन रद्द करायचं बटण अर्ध्या लोकांना समोर, अर्ध्या लोकांना दोन स्क्रीन आत. अर्धे कसे निवडायचे? युजर आयडी सम की विषम. कोड माझाच होता, चार ओळींचा. दुसऱ्या गटात रद्द करणारे खूप कमी झाले, कॉलवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मलाही शाबासकी मिळाली. बटण न सापडल्यामुळे ज्यांचे पुढच्या महिन्याचे पैसे गेले, त्यांचा विचार माझ्या मनात तेव्हा आलाच नाही. ते माझ्यासाठी विषम आकडे होते.

प्लेगची आणि बटणाची तुलना होत नाही, कळतंय मला. इथे कुणी मेलं नाही. पण कामाचा ढाचा तोच आहे, आणि आमच्याकडे मधे उभं राहून चार प्रश्न विचारणारं कुणीही नाही.

* * *

आता साठ फॉर्मांकडे.

बहिणीने प्लॅन बदलला. आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि सदस्यांत एक तरी सामान्य माणूस असावा लागतो, म्हणजे ना डॉक्टर ना संशोधक. जेवणाच्या सुट्टीचा प्रश्न त्या सामान्य सदस्याने विचारला होता, असं तिला नंतर कळलं. मला ते ऐकून जरा लाजच वाटली. आम्ही दोघं एवढे शिकलेले, आणि अर्ध्या तासाच्या सुट्टीत त्या बाईने जेवायचं कधी, हे आम्हाला सुचलं नाही.

मग ठरलं की वर्कशॉपमध्ये जायचंच नाही. मालककाकांना सांगितलं, काका, यादी नको, तुम्ही मधे नको. ते जरा नाराज झाले. रविवारी सकाळी आम्ही लोकमान्यनगर आणि किसननगरच्या चाळींत फिरलो. माझं काम पाण्याची बाटली धरणं आणि बाहेर उभं राहणं. ती आत बसून आधी कागद वाचून दाखवायची: हे कशासाठी आहे, नाव लिहिणार नाही, मधेच थांबवलं तरी चालेल, नाही म्हटलं तरी चालेल.

आणि बायका नाही म्हणाल्या! अकरा जणी. एक म्हणाली, "ताई, आज एकच दिवस असतो झोपायला." दुसरी निम्म्यापर्यंत आली, बाथरूमच्या प्रश्नावर थांबली, म्हणाली, "हे राहू दे. मला नाही सांगायचं." बहिणीने का म्हणून विचारलं नाही. तो फॉर्म तिच्याच हातात दिला, म्हणाली, "मावशी, हा तुम्हीच फाडा." त्यांनी फाडला. मग आम्हाला दोघांनाही चहा दिला, आणि मला आत बोलावून बसायला खुर्ची दिली.

एकूण चव्वेचाळीस फॉर्म झाले. अकरा नकार, पाच जणी भेटल्याच नाहीत. तासाभराचं काम पाच रविवार चाललं. सुपरवायझर समोर असता तर साठच्या साठ मिळाले असते, आणि बाथरूमच्या प्रश्नावर साठही जणींनी 'हो, मिळतं' लिहिलं असतं हे मी पैजेवर सांगतो. तसं लिहिलेलं या चव्वेचाळीसांत फारच कमी आहे. म्हणजे डेटाही सुधारला. पण कमिटीने ते प्रश्न डेटा सुधारावा म्हणून विचारले नव्हते. त्या मावशींना फाडता यावा म्हणून विचारले होते.

बहिणीने प्रबंधात एक ओळ घातलीय, 'अकरा जणींनी सहभाग नाकारला'. मी म्हटलं, हे कशाला, कमी दिसतं. ती म्हणाली, "दादा, माझ्या अख्ख्या कामातला हा एकच आकडा मला कुणी शिकवायच्या आधीच बरोबर आलाय."

सोमवारी ऑफिसात नव्या एबी टेस्टची मीटिंग होती. मी विचारलं, ज्या अर्ध्यांना नवीन स्क्रीन दिसणार त्यांना जुनी परत हवी असेल तर बटण कुठे आहे? दोन सेकंद शांतता. मग मॅनेजर म्हणाला, चांगला पॉइंट आहे, नोट करून ठेवू. नोट झालंय. पुढे काय होतं ते बघायचंय, आणि नाही झालं तर परत विचारायचंय.

असो. लेख फारच लांबला. कधी परळला हाफकिन इन्स्टिट्यूटवरून गेलात तर त्या माणसाची आठवण जरूर काढा. आणि भायखळ्यात मागे थांबलेल्या त्या पावणेदोनशे-एक कैद्यांचीही. त्यांच्या नकारावरच तर पहिला हिशोब उभा राहिला.

पुढच्या विकांताला भेटूच.